खतावणीतली माधवी

आईला बरेच दिवस वाटत होतं की माधवी नावाची माझी कुणी नवी मैत्रीण आहे, आणि ती मला रात्री-अपरात्री फोन करते. एकदा साडेअकराला पाणी प्यायला उठली, माझ्या खोलीतला दिवा बघितला आणि दारातूनच म्हणाली, "एवढ्या रात्री काय करूलालीस गे?"

"माधवीचं बघूलालो."

"तिला काय घरदार नाही?"

खरंच नाही. माधवी ही भाषा आहे. ती मी रचते आहे आणि जगात ती बोलणारी मी एकटीच. तिचा शब्दकोश अजून चारशे शब्दांच्या पुढे गेलेला नाही, पण क्रियापदांची पानं भरत आली आहेत. ती वडिलांच्या एका जुन्या खतावणीत आहेत. बेळगावच्या वडगावात आमचे चार माग होते, ते विकले तेव्हा हिशेबाच्या वह्या माळ्यावर गेल्या. त्यातली एक कोरीच निघाली: लांबुडकी, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, पानावर उभे सहा रकाने आणि कडेला शेऱ्यासाठी एक अरुंद पट्टी. सहा रकाने बघितले आणि माझ्या डोक्यात पैसे आलेच नाहीत. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. क्रियापद चालवायला याहून सोयीचा कागद कुठल्या छापखान्यात मिळेल?

हा नाद जुना आहे. आठवी-नववीत असताना मी कॅम्पात एका बाईंकडे शिवणकाम शिकायला जायची. त्या मूळच्या मडगावच्या. घरात कोकणी, आमच्याशी मराठी, बाजारात कन्नड, आणि चिडल्या की पोर्तुगीज. कात्री चालवता चालवता त्यांनी मला 'बोलणे' हे क्रियापद शिकवलं: फालु, फालश, फाला, फालामुश, फालाइश, फालांव. घरी येऊन कांड्या भरताना मी ते सहा शब्द मागाच्या खटखटीवर म्हणायची. धोटा इकडून तिकडे, फालु. तिकडून इकडे, फालश. अर्थ एकच, शेपटी मात्र दर वेळी वेगळी. शाळेत संस्कृतची 'गच्छामि, गच्छसि' घोकताना यायचा तो कंटाळा इथे येत नव्हता, कारण याची परीक्षा नव्हती.

त्याच बाईंनी मला 'पगार' दाखवला. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद, पैसे देणे, चुकते करणे. त्याचीही सहा रूपं आहेत. पोर्तुगीज आले, शब्द इथे राहिला, आणि आपण त्याच्या सगळ्या शेपट्या कापून त्याचं नाम केलं. माझ्या वडिलांनी जन्मभर विणकरांना पगार दिला. म्हणजे भाषेच्या हिशेबानं 'देणं दिलं'. चावी, साबण, बादली, तुरुंग, लिलाव हेही सगळे तिकडूनच आले, पण ती मुळातच नामं. क्रियापद परक्या घरात क्रियापद म्हणून रुळणं कठीण, हे मला तेव्हाच कळलं होतं असं म्हणायला आवडेल. नव्हतं कळलं. मला फक्त गंमत वाटली होती.

माधवीची कल्पना फार नंतरची. बेळगावला लागून वडगाव-माधवपूर इथे उत्खननात सातवाहनकाळची वस्ती सापडली आहे, हे आमच्याकडे बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक असतं, बघितलेलं कुणी नसतं. आणि कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला काशाचा छोटा पोसायडन आहे, समुद्राचा देव, समुद्रापासून इतका लांब आलेला. रोमन माल त्या काळी दख्खनमध्ये येत होता, यात शंका नाही. मी पुढचं पाऊल टाकलं, ज्याला पुरावा शून्य: समजा मालाबरोबर आलेले पाच-पन्नास लोक माधवपुरात राहूनच गेले. लग्नं केली, माग घातले. घरात लॅटिन, म्हणजे पोर्तुगीजची आई, बोलत राहिले. दोन हजार वर्षं एका कानाला मराठी आणि दुसऱ्या कानाला कन्नड. आज त्यांची भाषा कशी असती?

असा खेळ खेळणारी मी पहिली नाही. न्यूझीलंडच्या अँड्र्यू स्मिथ यांनी १९९६ मध्ये 'ब्रिथेनिग' नावाची भाषा रचायला घेतली: ब्रिटनमधली लॅटिन टिकली असती आणि तिच्यावर वेल्श भाषेचे उच्चार चढले असते तर कशी झाली असती, ती. वेल्शच्या जागी मी वडगाव ठेवलं, इतकंच.

नियम मात्र मनाचे नाहीत. मराठीनं संस्कृतचं जे केलं तेच मी लॅटिनचं करते. दन्ताचा दात झाला, भक्ताचा भात झाला, कुक्षीची कूस झाली. लॅटिनमध्ये विणणे म्हणजे 'तेक्सेरे'. त्याचं 'तेक्सो', मी विणतो. कुक्षीला लावलेला नियम त्याला लावा, 'तेसो' मिळतं. ते विणतात, 'तेक्सुन्त'. दन्ताचा नियम लावला की शेवटचं उन्त 'ऊत' होतं. तेसो, तेसीस, तेसी, तेसूं, तेसीत, तेसूत. सहावा रकाना लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवून हसले. ते विणतात: तेसूत. सूत शेवटी आपोआप आलं होतं. असं काही घडलं की रचणाऱ्याला आपण फार हुशार आहोत असा भास होतो. त्यात आपलं काही नसतं, नियमाचं असतं.

आता कुणी विचारेल, मुळात एवढ्या शेपट्या हव्यात कशाला? हा प्रश्न माझ्यापेक्षा मोठ्या डोक्यांनी विचारलेला आहे. जुझेप्पे पेआनो हे इटलीचे गणिती. अंकांची मूलतत्त्वं त्यांनी मांडली, ती गणित शिकणारे अजून त्यांच्या नावानं शिकतात. त्यांनी १९०३ मध्ये एक लेख लिहिला. सुरुवात शुद्ध अभिजात लॅटिनमध्ये. मग लेखात एक प्रत्यय अनावश्यक कसा ते सांगायचं आणि तिथून पुढे तो वापरायचाच नाही. मग दुसरा. मग तिसरा. वाचता वाचता लॅटिन वाचकाच्या डोळ्यांदेखत सोलत जाते आणि शेवटाला उरते ती पेआनोंची नवी भाषा, विनाप्रत्यय लॅटिन. त्यांचं म्हणणं साधं: 'मी' हा शब्द म्हटलाच आहे, तर क्रियापदाला पुन्हा 'मी'ची शेपटी कशाला? दोनदा नोंद. माझे वडील असते तर म्हणाले असते, माणूस हिशेबाचा पक्का आहे.

पुढे १९५१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका संस्थेनं 'इंटरलिंग्वा' काढली, तिच्यातही तेच. इओ आमा, तू आमा, इल्ले आमा. मी, तू, तो, सगळ्यांना एकच 'आमा'. काळ बदलला की आमावा, आमारा. संपलं क्रियापद. खतावणीचं एक पानसुद्धा भरत नाही. शिकायला सोपी, वाचायला सोपी, आणि मला विचाराल तर रेल्वेच्या जेवणासारखी. पोट भरतं.

पेआनोंना माझं उत्तर एका शब्दाचं आहे. खालून कुणीतरी हाक मारतं आणि मी जिन्यातून ओरडते, "आलोच!" या शब्दात 'मी' कुठे आहे? शेपटीत. मराठीत आपण सर्वनाम किती वेळा खाऊन टाकतो, ते दिवसभर मोजून बघा. जेवलास का? येतोस? निघालो. दोनदा नोंद आहेच कुठे? उलट सर्वनामाचीच नोंद आपण करत नाही, शेपटीवर भागवतो. पोर्तुगीजवाल्या शिवणबाईही 'एउ फालु' क्वचित म्हणायच्या, नुसतं 'फालु'. शेपटी काढली की सर्वनाम ठेवणं भाग पडतं. तेवढीच जागा जाते, फक्त शब्दाच्या मागून निघून पुढे येऊन बसते. गणितात हे चालत असेल. जिन्यात चालत नाही.

खरा आनंद मला भविष्यकाळानं दिला. म्हणजे लॅटिनच्या भविष्यकाळानं, माझ्या नव्हे. जुन्या लॅटिनमध्ये त्याला स्वतःचे प्रत्यय होते. बोलता बोलता लोकांनी ते टाकले आणि त्याऐवजी 'कान्तारे हाबेओ' म्हणू लागले. शब्दशः, 'गायचं माझ्याकडे आहे', आपल्या 'मला गायचंय'च्या जवळचं. मग हे दोन शब्द एकमेकांना घासत घासत चिकटले. स्पॅनिशमध्ये 'कान्तारे', इटालियनमध्ये 'कान्तेरो', फ्रेंचमध्ये 'शांत्रे'. आज मद्रिदमध्ये 'मी गाईन' म्हणणाऱ्या माणसाला आपल्या तोंडात 'माझ्याकडे आहे' हे आख्खं क्रियापद अडकलेलं आहे, याचा पत्ताही नसतो.

हे वाचलं तेव्हा मी गोंधळीगल्लीच्या तोंडाशी एका टपरीवर चहा घेत होते आणि शेजारी दोन पोरं बोलत होती.

"कुठं जाऊलालास बे?"

"हितंच. गाडी बघूलालो."

जाऊलालास. बघूलालो. करूलालो. बेळगावबाहेरच्या माणसाला आमचं हे रूप ऐकून पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा तो नक्कल करतो. मी जन्मापासून बोलते, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते उलगडून बघितलं. करू लागलो. करूलागलो. करूलालो. माझा अंदाज आहे, पण 'ग' गिळलेला मला जवळजवळ ऐकू येतो. पुण्याची मराठी 'करतोय' म्हणते, ते 'करतो आहे'चं मिटलेलं रूप. आम्ही दुसराच मदतनीस घेतला, 'लागणे', आणि तोही इतका मिटला की ओळखू येईना. म्हणजे कान्तारे हाबेओचं जे झालं ते बेळगावच्या टपरीवर झालेलं आहे, त्यासाठी लॅटिन लागत नाही. आणि शाळेत आम्हाला याला 'अशुद्ध' म्हणायला शिकवलं होतं. शाळेचा दोष नाही. फ्रेंच ही एके काळी अशुद्ध लॅटिनच होती.

घरी येऊन मी शब्दकोश उघडला. 'लागणे, चिकटणे' याला लॅटिनमध्ये 'हाएरेरे'. मग 'तेक्सेरे हाएरेओ', विणायला लागलो. आधी 'ह' गेला. मग लागोपाठ दोन 'रे' आले की जीभ एक गिळतेच. उरलं 'तेसेरो'. मी विणूलालो. माधवीतला हा काळ मला सगळ्यात आवडतो. पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन कुणाकडेच तो अशा वाटेनं आलेला नाही. तो फक्त बेळगावात होऊ शकला असता.

कन्नडनं मला नकार दिला. म्हणजे वाक्य जरा भलतंच झालं, पण राहू दे. आमच्या शेजारच्या अक्का कन्नड, त्यांची नातवंडं आमच्या घरात मराठी बोलत वाढली आणि मी त्यांच्या घरात कन्नड. दुसऱ्यांदा भात वाढायला आल्या की मी म्हणायची, "ना ऒल्ले." मला नको. हे एकच क्रियापद, नकार त्याच्या पोटातच. जुन्या कन्नडमध्ये तर नकाराची वेगळी रूपावलीच होती: धातूला सरळ पुरुषाचे प्रत्यय लावले की अर्थ 'करत नाही'. 'नाही' हा शब्द कुठे दिसतच नाही. काळाचा प्रत्यय नसणं हाच नकार! मराठीतही आपलं 'नाही' चालतंच की: नाही, नाहीस, नाहीत. 'नाहीस' हा शब्द परक्याला समजावून सांगायचा प्रयत्न करून बघा एकदा.

आता लॅटिन बघा. 'मला नको' म्हणजे 'नोलो'. ना ऒल्ले, नोलो. योगायोग आहे, नात्यागोत्याचा प्रश्नच नाही. 'नोलो' हे 'ने' आणि 'वोलो' मिळून झालं आणि 'ऒल्ले' द्राविडी घरचं. पण माझ्या माधवपुरातल्या कल्पित रोमन बाईनं कन्नड शेजारणीच्या हातातल्या भाताच्या पळीला हात आडवा करून काय म्हटलं असेल, यावर मला जास्त विचार करावा लागला नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. लॅटिनमध्ये मनाई करायची झाली तर 'नोली' आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. एकाला सांगायचं तर 'नोली', अनेकांना 'नोलीते'. शिवू नको, शिवू नका. एकाला नको, अनेकांना नका, आणि मुख्य क्रियापद जागचं हलत नाही. ही मांडणी हुबेहूब आपली. मराठीचा 'नको' कुठून आला, लॅटिनचा कुठून, दोघांचा काही संबंध नाही, पण दोघांनी एकच युक्ती केली: मनाई करायची तर 'इच्छा' शब्दालाच रूपं लावायची. पान १७, 'नोलो'. त्या पानावर मी एकही खाडाखोड केलेली नाही.

आणि मग मी अडकले. पान २३. येणे. भूतकाळ.

वर्तमानकाळ सोपा होता, 'वेनियो'चं 'वेनो'. भूतकाळाला मी मराठीचीच वाट धरली होती. आपला भूतकाळ खरं म्हणजे एक विशेषण आहे. संस्कृतात 'गत' म्हणजे गेलेला. त्याला पुढे 'ल' जोडला गेला आणि 'गेला' झाला. विशेषण म्हटलं की लिंग आलंच: गेला, गेली, गेलं. म्हणून मराठी क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग विचारतं. 'जातो, जाते' तसंच, तेही विशेषणातून आलेलं. जिथे जुनं खरंखुरं क्रियापद टिकलं तिथे लिंग नाही. "लहानपणी मी आजोळी जाई" हे वाक्य बाईचं की पुरुषाचं, ओळखा. "मी उद्या जाईन" ओळखा. नाही ओळखता येत. हिंदीत 'जाऊँगा, जाऊँगी' करावं लागतं, मराठी भविष्यकाळात ती चौकशी नाही. लॅटिन वंशातही हाच घोळ: क्रियापदाला लिंग नाही, पण विशेषण भूतकाळात घुसलं की ते आपलं लिंग घेऊन येतं. फ्रेंच बाई 'मी गेले' लिहिताना शेवटी एक जादा अक्षर लिहिते, जे ऐकूही येत नाही.

'करणे'चा प्रश्न नव्हता. 'फाक्तुम', भक्ताच्या भाताप्रमाणे 'फात'. मी साडी फाती, मी काम फातं. कर्म ठरवतं, बोलणारी सुटली. पण 'येणे'? 'वेन्तुस' आणि 'वेन्ता', आलेला आणि आलेली. दन्ताच्या दातानं 'वेत'. आता पहिल्या रकान्यात, 'मी'च्या खाली, काय लिहू? पुरुषाला 'वेतो' आणि बाईला 'वेते'? नियम तेच सांगत होता. मी पेन टेकवलं आणि उचललं.

विसाव्या वर्षी मी नोकरीला पुण्यात गेले. पहिल्याच आठवड्यात ऑफिसमध्ये कुणी विचारलं, कुठे आहेस, आणि मी फोनवर म्हटलं, "आलो, जिन्यात आहे." पलीकडे शांतता. मग हसण्याचा आवाज, मग फोन दुसऱ्याच्या हातात, "परत म्हण, परत म्हण." मी परत म्हटलं, कारण मला कळलंच नव्हतं की काय चुकलं. पुढचे कित्येक महिने मी दारातून आत आले की एक जण उठून "आलो का साहेब?" म्हणायचा. दुष्ट नव्हता. डबा खायला मलाच हाक मारायचा. पण मी शिकले. आले, गेले, बसले, जाते, येते. वाक्य तोंडातून निघायच्या आधी शेपटी तपासून बघायची सवय लागली. बेळगावच्या गाडीत बसून निपाणी ओलांडली की सवय आपोआप सुटायची, आणि परत येताना कागलच्या आसपास पुन्हा लागायची. कंडक्टरशी मी कोणत्या मराठीत बोलते आहे यावरून गाडी कुठवर आली ते सांगता आलं असतं. हा लेखसुद्धा मी 'आले-गेले'त लिहिते आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. लिहिताना मला आता दुसरं जमत नाही.

आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' म्हणतात. कोल्हापुरातही म्हणतात. माझी आजी खानापूर तालुक्यातली, ती म्हणायची. आई म्हणते. यावर ठरलेलं स्पष्टीकरण असं की कन्नडचा परिणाम. कन्नडमध्ये 'मी जातो'ला लिंग नाही: आमच्या अक्का आणि त्यांचे मालक दोघंही "होंटीनि" म्हणूनच घराबाहेर पडतात. तो-ती आलं की फरक, होंटान, होंटाळ. मला हे स्पष्टीकरण अर्धंच पटतं. कन्नडमध्ये 'तू'लाही लिंग नसतं. मग आम्ही 'आलास' आणि 'आलीस' का वेगळं ठेवलं? आई मला 'करूलालीस' म्हणते, भावाला 'करूलालास'. कन्नडकडून उसनं घ्यायचं तर दोन्ही घेतलं असतं. आम्ही फक्त 'मी' मोकळा केला.

दुसरं ठरलेलं मत असं की या बायका पुरुषासारखं बोलतात. आणि याच मताशी माझं भांडण आहे, हे मला पान २३ वर पेन उचलून धरलेलं असताना कळलं. माझ्या डोळ्यांसमोर त्याच वहीत आधीची बावीस पानं होती. तेसो. वेनो. नोलो. पहिला रकाना वरपासून खालपर्यंत 'ओ'. लॅटिनचा हा 'ओ' पुरुषाचा नाही, बाईचा नाही, तो 'मी'चा आहे. रोमन बाई 'आमो' म्हणाली तर ती पुरुषासारखं बोलली असं कुणी म्हणत नाही. मग "आम्ही आलो" बघा. पुण्यात, सदाशिव पेठेत, चार बायका दारात उभ्या राहून "आम्ही आलो" म्हणतात, "आम्ही जातो" म्हणतात. कुणी हसत नाही. प्रमाण मराठीत अनेकवचनी 'ओ'ला लिंग नाहीच. माझी आजी "मी आलो" म्हणायची तेव्हा तिच्या तोंडचा 'ओ' तोच होता. ऐकणाऱ्याला त्यात पुरुष ऐकू आला, ती सांगत होती फक्त 'मी'.

त्या डबा खाऊ घालणाऱ्या सहकाऱ्याला हे तेव्हा सांगता आलं असतं तर? त्यानं ऐकून घेतलं असतं आणि म्हणाला असता, "बरं साहेब."

मी पहिल्या रकान्यात 'वेतो' लिहिलं. एकच. दुसऱ्या रकान्यात 'वेतास, वेतीस' अशी जोडी, तिसऱ्यात वेता, वेती, वेतं अशी तिन्ही. लॅटिनला तीन लिंगं होती, तिच्या बहुतेक लेकींनी नपुंसकलिंग टाकलं, हिंदीनंही टाकलं, मराठीनं ठेवलं. म्हणून माधवीलाही ठेवावं लागलं. 'वेतो'चा उच्चार आमच्या 'येतो'च्या इतका जवळ की आईला म्हणून दाखवलं तर म्हणाली, "कुठं चाललीस आता?"

गाव कोणतं, हे लक्षात ठेवून हे सगळं वाचायला हवं. इथे शब्द कोणत्या लिपीत लिहिला यावर दुकानाची पाटी शाबूत राहणार की नाही ते ठरतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यरेषा आखली गेली, ती आमच्या घराच्या कुठल्या बाजूनं जायला हवी होती याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०१४ च्या १ नोव्हेंबरला गावाच्या नावाचं स्पेलिंग बदललं. एकाच तारखेला एका गल्लीत राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या गल्लीत काळे बिल्ले, हे आम्ही शाळेत असल्यापासून बघतो. एस्परांतो रचणारे झामेनहोफ अशाच एका गावचे, आजच्या पोलंडमधल्या बियाविस्तोकचे. पोलिश, रशियन, जर्मन आणि यहुदी लोक एका बाजारात, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या भाषेचा राग. त्यांना वाटलं, सगळ्यांना एक नवी, कुणाचीच नसलेली भाषा दिली तर भांडण मिटेल, आणि १८८७ मध्ये त्यांनी ती छापली. एकही अपवाद नसलेली क्रियापदं, सहा प्रत्ययांत सगळा कारभार. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते. पण बाजारात भांडणं होतात ती क्रियापदांवरून होत नाहीत. आमच्या गणपत गल्लीत भाजीवाली एकाच वाक्यात दोन भाषांची क्रियापदं चालवते आणि सुटे पैसे बरोबर परत देते. माधवीकडून मला कुठलंच भांडण मिटवायचं नाही. बोलणारी मी एकटी, त्यामुळे सीमाप्रश्नही नाही. मीच हिचा बहुसंख्याक आणि मीच अल्पसंख्याक.

गेल्या महिन्यात खानापूरची मावशी दोन दिवस राहून निघाली. पिशवीत कुंदा, छत्री काखेत, रिक्षा दारात. तिच्याबरोबर शेजारच्या अक्काही उठल्या, त्या दुपारपासून आमच्याकडेच होत्या. मावशी उंबऱ्यात वळली आणि आईला म्हणाली, "येतो गे." अक्का चपला शोधता शोधता म्हणाल्या, "बरतेनि." तेच. येते. दोघी निघाल्या होत्या, आणि दोन भाषांत मिळून एकीच्याही तोंडून 'जाणे' निघालं नाही. निघणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नसतं, हे आम्हा पोरांना चालता यायच्या आधी शिकवलेलं.

रिक्षा वळेपर्यंत आई दारात उभी होती. मी आत जाऊन खतावणी काढली. लॅटिनमध्ये निरोपाला 'वाले' आहे, सुखरूप राहा. शिवणबाई 'आदेउश' म्हणायच्या, देवाच्या हवाली. दोन्ही शब्द मी मागेच नोंदवून ठेवले होते, चांगले शब्द आहेत. दोन्हींवर आडवी रेघ मारली. मग पान २२ उघडलं, 'येणे', वर्तमानकाळ, पहिला रकाना, 'वेनो', आणि कडेच्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलं: निघताना.